डेग आणि दार

मी पलटणीच्या लंगरचा, म्हणजे स्वयंपाकघराचा, हवालदार होतो. पलटण राजस्थानातून पूर्वेकडे निघाली तेव्हा मिलिटरी स्पेशल गाडीचा रसोई डबा माझ्या ताब्यात होता.

तो डबा पूर्वी एका प्रवासी गाडीची डायनिंग कार होता. टेबलं काढून भट्ट्या बसवल्या होत्या. खिडक्यांवर पडद्यांचे पितळी दांडे अजून होते. शेजारच्या डब्यात जायची वाट पत्रा ठोकून बंद केलेली. त्यामुळे जेवण स्टेशनावरच वाटायचं, आणि गाडी सुटली की आतला माणूस पुढच्या थांब्यापर्यंत आतच.

लान्स नायक गजानन ठोंबरे माझा कुक. तो नांदगाव खंडेश्वरचा, मी अकोटचा. "इथं सायब लोक काट्या-चमच्यानं जेवत होते, उस्ताद," तो म्हणायचा, "अन् आपण वरण घोटून राहिलो."

वळणावर वरणाची मोठी डेग कलंडू नये म्हणून तिचा कान दोराने बांधायची आमची पद्धत. भट्टीजवळ कडी नव्हती. मी दोर सरकत्या दाराच्या मुठीला बांधायला सांगितलं. समोरच्या दाराला पोती लावलेली होती.

अकोल्याला नाश्ता वाटून बाकीचे कुक पुढच्या डब्यात बसले. आत आम्ही दोघेच. मूर्तिजापूर सुटल्यावर गाडीला जोराचा हिसका बसला. कढईतलं तेल बर्नरवर सांडलं आणि आग पोत्यांना लागली. एक्स्टिंग्विशर रिकामं झालं, आग विझली नाही. मी वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, रसोई डब्यात आग. गाडी थांबवा. ओव्हर."

"गार्डला कळवतोय. बाहेर पडा. ओव्हर."

बाहेर पडायला एकच दार, आणि तेच डेगेला बांधलेलं. दोर ताणलेला, गाठ सुटेना. कापावा तर ब्रेक लागलेल्या गाडीत मोकळी डेग हेलकावून उकळतं वरण दाराशी उभ्या माणसावर येणार. दार गंजलेलं, ओढायला दोन्ही हात हवेत.

गजाननने सुरी घेतली. "तुमी दार ओढा, उस्ताद. डेग माह्याकडे."

मी नको म्हणालो नाही. त्याने दोर कापला आणि पाठ डेगेला लावली. वरण त्याच्या खांद्यांवरून उतरत होतं. अंग जाईल एवढं दार उघडेपर्यंत तो हलला नाही. मग आम्ही दोघे खाली कपाशीत पडलो.

अमरावतीच्या दवाखान्यात तो गेला. लढाईत गेला नाही, म्हणून पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव नाही.

त्याचे वडील भाजीचा धंदा करतात. रजा मिळताच मी त्यांच्याकडे गेलो आणि दोर कुणी बांधायला लावला तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"डेग तुमी कावून नाई धरली?"

"तो आधी पुढे झाला, काका."

"अन् तुमी होऊ देलं."

"हो."

मी उठलो तेव्हा त्यांनी सुनेला ताट करायला सांगितलं. मी नको म्हणालो.

"बसा खाली," ते म्हणाले. "माह्या पोरानं तुमाले उपाशी ठेवाले नाई वाचवलं."

मी बसलो.