चादरीबाहेरचे हात

माघातली दुपार उतरू लागली की नेरूळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक मऊ, दुधाळ उजेड येतो, आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीतून तो गाळून आला की समोरची पोपडे आलेली भिंतसुद्धा घटकाभर सोज्वळ दिसू लागते. खाडीवरून येणारा वारा खारट असतो. त्यात थोडा चिखलाचा, थोडा सुकत्या मासळीचा वास मिसळलेला असतो. त्या वाऱ्याने चादर फुगते, तिला खांदे येतात, मांडी येते, कधी कधी तर एका बाजूला कललेली मानही येते. आणि आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला मी, सत्तरीकडे झुकलेला माणूस, खुर्चीत बसल्या बसल्या डोळे बारीक करून बघतो, की हात कुठे बाहेर दिसताहेत का. सवय जात नाही. ही चादर धुतो तो मीच, घडी घालून कपाटात ठेवतो तोही मीच. पण तिच्याखाली आता कुणी बसत नाही.

ही काही अंथरायची चादर नव्हे. इथल्या मार्केटमध्ये एका गाळ्यात माझा फोटो स्टुडिओ होता, तिथली ती जुनी कामकरीण. तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो कसा काढतात, पाहिलंय कधी तुम्ही? बाळाला मान धरता येत नाही, बसणं तर दूरच. पण सरकारला त्याचा चेहरा सरळ, समोरून आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा असतो, आणि फोटोत दुसरं कुणी चालत नाही. मग एक बाई खुर्चीत बसते, तिच्या डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर टाकतात आणि चादरीवरून तिच्या मांडीत बाळ ठेवतात. ती आतून, कापडातून, त्याची मान आणि पाठ सावरून धरते. बाळाला वाटतं आपण मांडीवर आहोत, बघणाऱ्याला वाटतं बाळ एकटं बसलंय, आणि दोघांचंही समाधान होतं.

खरं तर तिथे आईने बसायचं. पण बऱ्याच आया चादरीखाली गेल्या की हसू लागत, नाहीतर गुदमरत, आणि त्यांचं हसू बाळापर्यंत पोचून त्याचं रडू होई. म्हणून माझी बायको मंदा बसायची. परक्यांची लेकरं तिच्या मांडीत अशी निवांत होत, की त्यांच्या आयांना थोडा रागच यावा. फक्त एक अडचण होती. कापडातून पकड घसरते, बाळ कलंडू लागतं, आणि मंदाचे हात चादरीखालून हमखास बाहेर येत. मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणायचो, "मंदा, हात आत घे." चादर मान हलवायची. हात आत जायचे, बाळ कलायचं, हात पुन्हा बाहेर. शेवटी जी बोटं फोटोत राहतील ती मी पुसायचो. आधी बारीक कुंचल्याने, पुढे संगणक आल्यावर माउसने. त्या पुसण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, आणि त्याचा मला अतोनात अभिमान होता.

आपल्या भाषेने आधाराला नावं तरी किती दिली आहेत! वेलीला मांडव, भिंतीला टेकू, म्हातारपणाला काठी, पुढाऱ्याला पाठिंबा, रडणाऱ्याला खांदा आणि धडपडणाऱ्याला हात. छायाचित्रणाच्या शास्त्राला मात्र या साऱ्यांसाठी एकच नियम ठाऊक आहे: आधार चौकटीबाहेर हवा. कॅमेरा ज्या तीन पायांवर स्थिर उभा असतो ते पाय त्या कॅमेऱ्याला कधी दिसत नाहीत. उलव्याला नव्या इमारतींचे फोटो काढायला मला बोलवत, ते बांबूंच्या परांच्या उतरल्यावरच. ज्या बांबूंवर माणसं महिनोन्महिने लोंबकळली त्यांना माहितीपत्रकात जागा नसे. आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली तीन वर्षं लोखंडी टेकू उभे आहेत, आणि दिवाळीत सोसायटीचा फोटो निघतो तेव्हा धिप्पाड माणसांना बरोबर त्यांच्यापुढे उभं करतात. हे सुचवलं कुणी? मीच.

आमच्या बैठकीत एक मोठा फोटो आहे. माझी मुलगी अनघा, पाच महिन्यांची, पांढऱ्या शुभ्र शून्यात ताठ बसलेली, डोळ्यांत बघणाऱ्याला आव्हान. हा फोटो कित्येक वर्षं स्टुडिओच्या काचेत होता आणि त्याच्याकडे बघून लोक आपली बाळं घेऊन आत येत. पाचव्या महिन्यात पोर आधाराशिवाय बसली, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. ऐकून ऐकून अनघालाही ते खरं वाटू लागलं. पुढे पुण्यात एकटीने खोली घेऊन राहिली, नोकरी धरली, मनासारखं लग्न केलं; प्रत्येक वेळी म्हणायची, "मी पाचव्या महिन्यात आपली आपण बसलेय, मला काय भीती घालता?" मंदा हसायची आणि स्वयंपाकघरात काहीतरी बघायला जायची. तिने ते कधी खोडून काढलं नाही, आणि मीही नाही.

गेल्या माघात मंदा गेली. मंगळवारी अनघाचा फोन आला. "पप्पा, रविवारी आईला वर्ष होतंय. हार घालायला एक बरा फोटो काढून ठेवा ना. तो मतदार कार्डावरचा मोठा केलेला नको. त्यात ती आई वाटतच नाही." मी हो म्हटलं. चाळीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरी त्याच्या बायकोचा फोटो निवडणुकीच्या कॅमेऱ्याने काढलेला असावा, यापरती नामुष्की कोणती? पोरीने मागून मागून मागितलं काय, तर आईचा एक फोटो. तो तर मी देऊ शकत होतो.

दोन दिवस घर उलथंपालथं केलं. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांआड मान खाली घातलेली एक मुलगी आहे. तिची आणि माझी तेव्हा ओळखही नव्हती. अनघाच्या लग्नात मंदा प्रत्येक फोटोत कुणाचा तरी शालू सावरत पाठमोरी. मोबाइलमध्ये ती अर्धी कापलेली, नाहीतर कॅमेऱ्यापुढे पंजा धरलेली: "मला कशाला, तिला घ्या." शेवटच्या महिन्यातले दवाखान्यातले फोटो आहेत, ते मी उघडत नाही. निगेटिव्ह म्हणाल तर खाडीच्या दमट हवेत एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, त्या कधीच भंगारात गेल्या. आणि संगणकात? तिथे हजारो बाळं आहेत. सगळी एकेकटी, सगळी ताठ, सगळी आपली आपण बसलेली. काम झालं की मूळ फोटो पुसून टाकायचा हा माझा शिरस्ता होता. जागा अडते ना! बुधवारी संध्याकाळी मी त्या पडद्यासमोर बसून राहिलो. त्यांतल्या कितीतरी बाळांच्या मागे ती होती, आणि मी स्वतःच्या हाताने, बोट न् बोट, तिला तिथून घालवून दिलं होतं. मला रडू आलं, आणि ते ऐकायला घरात कुणी नाही याचं आणखी रडू आलं.

गुरुवारी सकाळी घर खायला उठलं म्हणून तळ्याकडे चालत गेलो. रोहित पक्षी, फ्लेमिंगो, आले होते. उथळ पाण्यात त्यांचे गुलाबी थवे उभे होते, आणि काठावर हातभर लांबीच्या भिंगांची हौशी माणसं चिखलात स्टँड रोवून त्यांच्यावर डोळे लावून बसली होती. एका पायावर झोपलेला तो पक्षी किती स्वयंपूर्ण दिसतो! पण एक पाऊल उचलताना त्याच्या बोटांमधला चिखलाने माखलेला पडदा दिसला, तेव्हा लक्षात आलं, की चिखलाने त्याला किती आपलेपणाने धरलं होतं. तिथल्या एकाने माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली.

परतताना सारसोळ्याच्या कोळीवाड्यातून आलो. एका ओट्यावर म्हातारी बाई चटईवर जवळ्याची बारीक कोलंबी सुकायला पसरत होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "फोटोवाले भाऊ ना तू? किती वाललास रं! बायको कशी हाय?" मी सांगितलं. तिचा हात जवळ्यातच थांबला. मग ती गुडघ्यावर भार देऊन उठली आणि म्हणाली, "चल घरान. त्या फोटोन हाय ती."

तेव्हा मला ओळख पटली. हिराबाई. वीस-बावीस वर्षांपूर्वी नातीच्या उष्टावणाला फोटो हवा म्हणून ती बाजारातून थेट स्टुडिओत आली होती. सून तापाने घरी. नातीला धरायला सांगितलं तर म्हणाली, "माज्या हाताला म्हावऱ्याचा वास हाय, नवा फ्रॉक वास मारल." म्हणून मंदा चादरीखाली बसली. हिराबाई फोटो पाहायला आली तेव्हा मी पुसायच्या आधीचा कच्चा फोटोच तिच्या हाती लागला आणि ती तोच मागू लागली. मी समजावलं, की यात हात दिसताहेत, ते काढून देतो. ती हटून बसली. "हात नको पुसू, भाऊ. पोर काय हवेन बसलीय? कोनी धरलंय तं दिसू दे." माझ्या कलेचा असा अपमान कुणी केला नव्हता. मी तो बिघडलेला फोटो तणतणत तिला देऊन टाकला, आणि त्यावर स्टुडिओचा शिक्का मारला नाही.

आणि तो अजून भिंतीवर होता. टीव्हीच्या बाजूला, लालसर विटलेला. मधोमध फ्रॉकमधली गुबगुबीत नात, तिच्यामागे पांढऱ्या कापडाचा एक उंचवटा, बाळाच्या बाजूला किंचित कललेला. मंदा ऐकायला लागली की मान अशीच कलायची. आणि कापडाच्या दोन्ही कडांखालून बाहेर आलेले ते दोन हात: हिरव्या बांगड्या, नखांना लागलेलं कणकेचं पांढरं, डाव्या मनगटावर चंद्रकोरीसारखा जुना चटका. स्टुडिओतला तापलेला दिवा एकदा एका बाळाच्या अंगावर कलंडत होता, तो तिने उघड्या हाताने धरला होता. मी धावत गेलो होतो आणि आधी दिवा फुटला नाही ना ते पाहिलं होतं. हे तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र त्या परक्या घरात, त्या फोटोपुढे, आता आठवलं.

मोबाइलने फोटो काढू लागलो तर काचेवर खिडकी चमके. हिराबाईने फोटो भिंतीवरून उतरवला आणि दारातल्या उजेडात छातीशी धरून उभी राहिली. "मी धरलंय, तू काढ." तिची सुरकुतलेली बोटं दोन्ही कडांनी चौकटीत आली. "नीट धरलंय ना मी?" तिने विचारलं. मी म्हटलं, नीट धरलंय.

घरी येऊन तो फोटो उघडला तेव्हा माझं बोट आपसूक कोपऱ्याकडे गेलं. कडा छाटल्या की म्हातारीची बोटं गेली, काम सुबक झालं. पण बोट तिथेच थांबवलं. जसा होता तसा अनघाला पाठवला. पाच मिनिटांत फोन. "पप्पा, यात आई कुठंय?" मी म्हटलं, नीट बघ. मग तिचा आवाज आला, लहानपणी ताप आला की यायचा तसा. "दिव्याचा चटका." आणि ती रडू लागली. मी रडू दिलं.

मला वाटलं, झालं. पोरीला आई मिळाली. पण ती माझीच मुलगी, तिची नजर फोटोवरून पुढे गेली. "पप्पा," ती म्हणाली, "माझ्या फोटोत? मी आपली आपण बसले होते ना?"

बैठकीतल्या फोटोतून पाच महिन्यांची अनघा माझ्याकडे बघत होती. तिच्या काखेखाली दोन्ही बाजूंना जे नितळ पांढरं आहे, त्यावर मी तेव्हा दोन रात्री राबलो होतो. आता हो म्हटलं असतं तर तिचा ताठपणा शाबूत राहिला असता, आणि माझाही. "नाही," मी म्हटलं. "आई होती मागे. हात मी पुसले."

रागावली असेल, आणि तो तिचा हक्क आहे. मग हळू म्हणाली, "रविवारी नाही, मी शनिवारीच येते. तुम्ही एकटे आहात. आणि तोच फोटो लावू, त्या आजींच्या बोटांसकट."

आज शनिवार. गाडी लोणावळ्याला पोचल्याचा तिचा निरोप आलाय. मतदार कार्डावरची मंदा भिंतीवरून उतरवून ठेवली आहे, आणि खिळा तेवढा मोकळा आहे. चादर सकाळीच धुतली. दुपार उतरली तसा तो दुधाळ उजेड आला, खाडीवरचा वारा आला, चादरीला खांदे आले, मांडी आली, मान एका बाजूला कलली. मी डोळे बारीक करून पाहिलं. खाली, कडेला, काहीच नव्हतं. नुसता पांढरा काठ वाऱ्यावर हलत होता.

"हात राहू दे बाहेर, मंदा," मी म्हटलं.