दिवस मावळायच्या आत

"बघू, काय जेवलासा काल?" असं म्हणत अण्णा आधी माझ्या हातातल्या बादलीचं झाकण उचलायचे. रामराम वगैरे नंतर.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर मोकळ्या प्लॉटात खताचे दोन हौद आहेत. घरोघरचं खरकटं, भाजीची देठं, अंगणातला पालापाचोळा सगळं तिथं टाकायचं. शिरोळकडचे हे जैन अण्णा ते हौद सांभाळायचे. पगार नाही, कुणी नेमलेलंही नाही. गावची शेती पुतण्यांकडे देऊन इथं आलेला एकटा जीव, मातीत हात घातल्याशिवाय करमायचं नाही. पण शेरेबाजी अशी, की विचारू नका! "कोयाच कोया! रस हाणलासा, आन आमास्नी बोलावलं न्हाय व्हय?" मला तर रागच यायचा. आम्ही काय खाल्लं याची पंचाईत यांना कशाला?

बाबा गेले आणि आईनं जेवण टाकलं. तिच्या ताटातली भाकरी तशीच बादलीत जायची. एका सकाळी अण्णांनी झाकण उचललं आणि भाकरी बाहेर काढली.

"ही भाकरी कुणाची?"

"आईची."

"रोजच येतीया की गं."

मी पाल्याचं पोतं हातात धरून तिथंच रडले.

त्या संध्याकाळी स्वारी आमच्या दारात. "आक्का, वाढा. पण तुमी बसल्याबिगर मी घास मोडणार न्हाय."

"मला भूक न्हाय, अण्णा. तुमी जेवा."

ते ताटासमोर नुसते बसून राहिले. दिवस मावळला की ते अन्नाला शिवत नसत, हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. भिंतीवरचं ऊन गेलं तसे उठले, ताटाला हात जोडले, "उद्या येतो" म्हणाले आणि उपाशीच गेले.

दारातून माणूस उपाशी गेला! आईला ते सोसेना. दुसऱ्या दिवशी तिनं उन्हं असतानाच पीठ मळलं. "बसा अण्णा, बसते मी बी." अर्धी भाकरी खाल्ली बाईनं.

मग ते रोजच येऊ लागले. पुढं वांग्याच्या तिखटावरून दोघं भांडायला लागले, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

यंदा थंडीत एका सकाळी अण्णा हौदाशेजारी बसल्या जागीच गेले. पुतणे आले आणि त्यांना गावी घेऊन गेले. मला एकच धास्ती होती, आता आई पुन्हा जेवण टाकणार.

उन्हं उतरताना तिनं भाकऱ्या थापल्या. मी भीत भीत विचारलं, "आई, जेवशील ना?"

"जेवते की. माझ्यापायी एकदा त्यो माणूस दारातनं उपाशी गेलता."

आणि रडत रडतच तिनं घास मोडला.