उतलेली बोटं

लेकीचं बाळंतपण अमेरिकेत होणार होतं आणि तिला डोहाळे लागले होते ओल्या काजूगरांचे. कोकणातल्या आमच्या मिठबावहून निघायच्या आठवड्यात मी काजू सोलत बसले, गर उन्हात वाळवून डब्यात भरले; भिजवले की पुन्हा ओल्यासारखे होतात. ओल्या काजूच्या सालीत डीक, म्हणजे कातडी जाळणारा चीक असतो. राख लावली तरी बोटं उततात, मग कातडी सुटते. दरवर्षीचंच ते. मी लक्षही दिलं नाही.

व्हिसाच्या वेळी मुंबईत आम्हा नवराबायकोच्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते. तिकडे उतरल्यावर पासपोर्ट तपासणाऱ्याने काचेवर बोटं ठेवायला सांगितली. यांची लगेच जुळली. माझी त्याने पुसायला लावली, दाबून ठेवायला लावली, शेवटी दोघांनाही आतल्या खोलीत पाठवलं.

तिथे हिंदी बोलणारी एक अधिकारी बाई होती. ती म्हणाली, "चोरीच्या पासपोर्टवर फोटो बदलता येतो, बोटं नाही बदलत. ठसे जुळले नाहीत तर परत जावं लागेल." लेकीला त्याच आठवड्यातली तारीख दिलेली. घरात दुसरी बाई नाही.

हे पुटपुटले, "तुका सांगललंय, जावच्या तोंडार काजी सोलू नको."

"तुमची बोटां बरी उठली. कामाक लावलास खंय ती?"

"गप रव गो."

आमच्या आधी एक गृहस्थ होता. कोट, चकचकीत बूट, चेहरा शांत. त्याची बोटं काचेवर स्वच्छ उमटली आणि पडद्यावर भलतंच नाव आलं. पासपोर्ट दुसऱ्याचा, चोरीला गेल्याची नोंद झालेला. दोघे शिपाई त्याला मागच्या दाराने घेऊन गेले. मग आमची पाळी आली.

बाईने माझे हात दिव्याखाली धरले. "तेजाब लावलं? ठसे मिटवायला लोक बोटं जाळून येतात."

"काजू सोलले. मुलीसाठी."

तिने कधी ऐकलं नव्हतं. मी सोलायचं कसं ते हातांनी करून दाखवलं. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. सोलताना लागतात ती अंगठा आणि पुढची दोन बोटं, उतली होती तीच. मग तिने दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि शेजारची बोटं तेवढी काचेवर ठेवायला सांगितली. पडदा बराच वेळ तसाच. हे खुर्चीतून अर्धे उठलेले.

जुळली.

तिने शिक्का मारला आणि पासपोर्ट पुढे सरकवला. हे अजून काहीतरी विचारणार होते. मी त्यांचा दंड धरला.

"चला आता. जावई भायर उभो आसतलो."