पेटीतली आत्या

गेल्या आठवड्यात कामोठ्यातल्या आमच्या घरी सुतारानं नव्या कपाटाला पॉलिश केलं आणि त्या वासानं मला थेट पनवेलच्या नाट्यगृहातल्या रंगमंचावर नेऊन उभं केलं. माझी आत्या विधवा झाल्यावर एका जादूगाराच्या कंपनीत लागली होती. तो ज्या बाईला पेटीत घालून गायब करायचा, ती आत्या. त्या संध्याकाळी मी पहिल्या रांगेत बसलो होतो, चांगला तिशीचा बाप्या, पण पाय एका जागी ठरत नव्हते. पेटी उघडली, तर आत आत्या नव्हती. “कुणाला तपासायचं असेल तर या,” जादूगार म्हणाला आणि मी जवळजवळ धावतच वर गेलो. पेटीला ताज्या पॉलिशचा वास येत होता. मी फळ्या ठोठावल्या, खाली वाकून पाहिलं, मागचा पडदा चाचपला. लोक हसत होते, मला मात्र दरदरून घाम फुटला होता. खेळ संपताच रंगमंचामागच्या खोलीत गेलो, तर आत्या जरीच्या साडीत निवांत चहा पीत बसलेली. “कुठं गेली होतीस?” “इथंच होते.” “आत्या, खरं सांग ना!” तिनं कप खाली ठेवला, माझ्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाली, “घरधनी गेले, तवापासून मला एवढं कुनी शोधलं नाय रे.” मी पुन्हा विचारलं नाही. आता आत्या नाही. मी पन्नाशीला आलो, तरी ती तेव्हा कुठं गेली असेल या विचारानं मधेच उठून घरात फेऱ्या मारतो. आणि ही बेचैनी जाऊ नये, असंच वाटतं.