मंगल प्रसंगाला चालतील अशी कंट्री गाणी

खोटं बोलायचंच असेल तर माणसानं निदान माहितीतला विषय निवडावा. मी निवडलं अमेरिकेतलं जुनं कंट्री संगीत.

झालं असं, की आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या डच काका-काकूंनी आम्हाला कॉफीला बोलावलं. काका म्हणजे निवृत्त ट्रक ड्रायव्हर, दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढे उंच. काकू त्यांच्या खांद्याएवढ्या, पण घरात आवाज त्यांचाच. भिंतीवर काउबॉयची टोपी, टोपीखाली गिटार आणि गिटारखाली गाण्यांच्या तबकड्यांनी भरलेलं कपाट. काकांनी विचारलं, "बुर्मान, तू काय ऐकतोस?" बुर्मान म्हणजे शेजारी. इथे शेजाऱ्याला शेजारीच म्हणून हाक मारतात, नाव विचारायची भानगड नाही.

मी मूळचा पुण्याचा, म्हणजे समोरच्याला बरं वाटेल असं बोलायची सवय नाही. पण परदेशात माणूस बिघडतो. टोपीकडे बघत मी म्हणालो, "कंट्री! लहानपणापासून!" बायकोनं कपाआडून माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं भाषांतर करण्यासारखं नाही.

तेव्हापासून काका मला तबकड्या देऊ लागले. माझ्याकडे त्या वाजवायचं यंत्रच नव्हतं. मी त्या सभ्यपणे थोडे दिवस घरात ठेवून परत करायचो आणि म्हणायचो, "अप्रतिम. विशेषतः दुसरी बाजू." एकदा काका शांतपणे म्हणाले, "हो, दुसरी बाजू मलाही आवडायची. उभा ओरखडा पडला त्याच्याआधी."

तरीही त्यांचा माझ्यावर विश्वास होता, हे पुढे महागात पडलं. काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली. आमच्या भागात अशा वेळी शेजारी मिळून त्या घराच्या दाराला पाइनच्या फांद्यांची आणि कागदी फुलांची कमान बांधतात. गल्लीची बैठक झाली. कमान कोणाकडे, केक कोणाकडे, हे ठरलं. कागदी फुलं बायकोकडे आली. बुर्टहाउसमध्ये, म्हणजे वस्तीच्या सभागृहात, दुपारी नाच ठेवायचा होता. त्याच्या गाण्यांचा विषय निघाल्यावर काका म्हणाले, "ते याच्याकडे द्या. त्याला कंट्री कळतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कुंपणाशी गाठलं. नेहमीचा मोठा आवाज नव्हता. "ऐक. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती नाचलेली नाही. डॉक्टर म्हणतात नाच, व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणते नाच. ही म्हणते, पुढच्या शनिवारी. आम्ही नाचाच्या क्लबात जातो, ही टेबलाशी बसते आणि माझा कोट सांभाळते. लोक म्हणतात, तू दुसऱ्या कोणाबरोबर नाच. दुसऱ्या कोणाबरोबर मला पायच टाकता येत नाहीत. त्या दुपारी ती एकदा उठली पाहिजे, बुर्मान. गाणी तशी निवड."

"काकूंना कुठली आवडतात?"

"क्लासिक. जी असायलाच पाहिजेत ती. तुला काय सांगायचं!"

खरंच, मला काय सांगायचं! मी ऑफिसात ज्या पद्धतीनं यंत्राचे सुटे भाग निवडतो त्याच पद्धतीनं कामाला लागलो. इंटरनेटवरच्या जाणकारांच्या याद्या जमवल्या, सगळ्यांत असणारी गाणी एक्सेलमध्ये घातली, त्यांना गुण दिले. इथवर उत्तम. मग आयुष्यात पहिल्यांदा ती गाणी शब्दांसकट ऐकली.

पहिल्यात बायको नवऱ्याला सोडून गेली. दुसऱ्यात नवरा बायकोला. तिसऱ्यात दोघं एकत्र होते, पण एक जण शवपेटीत. चौथ्यात नायक तुरुंगातून आईची आठवण काढत होता. आत का गेला ते पाचव्यात कळलं. मी एक्सेलमध्ये नवे रकाने पाडले : घटस्फोट, दारू, तुरुंग, मयत. असलं काही सापडलं की ओळ लाल. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं पान लाल झालं.

बायकोनं मागून डोकावून पाहिलं. "अरे, तुझ्या यादीत एकही बाई धड नांदत नाहीये."

"अभिजात आहे हे."

"असेल. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाजवणार? आपल्याकडे सत्यनारायणाला कोणी विरहगीत लावतं का? वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो."

"डच वास्तुपुरुषाला इंग्रजी कितपत येत असेल?"

"इथे सगळ्यांनाच येतं," ती म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं खरं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सेमीकंडक्टरच्या कारखान्यात काम करणारा मी, नवीन मशीनला गुपचूप हळदकुंकू लावणारा. शुभकार्यात अभद्र कसं वाजवू? लाल ओळी मी एकेक करून बाद केल्या. उरलं काय, तर नदी, डोंगर, गहू, ट्रॅक्टर आणि चांगली हवा. काही गाणी कंट्री होती की नाही याचीही खात्री नव्हती, पण त्यांत कोणी कोणाला सोडून जात नव्हतं. नदीसुद्धा जागच्या जागी वाहत होती.

तो दिवस उजाडला. कमान सुरेख झाली होती. सभागृहात सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. इथे नवरा-बायकोचंच नाही, त्यांच्या शेजाऱ्यांचंही करतात. मी लॅपटॉप जोडला, नदीचं गाणं लावलं. लोकांनी माना हलवल्या. डोंगराच्या गाण्याला कोणीतरी केकची दुसरी फोड घेतली. गव्हाच्या गाण्याला दोन जण बाहेर सिगारेट ओढायला गेले. काकू भिंतीशी टेबलाला टेकून बसल्या होत्या, शेजारणीशी बोलत, आणि मांडीवर काकांचा कोट. काका मधोमध एकटेच उभे होते, बसची वाट बघितल्यासारखे.

ट्रॅक्टर सुरू झाला तसे ते माझ्याकडे आले. "बुर्मान, हे काय आहे?"

"क्लासिक."

"हे लिफ्टमध्ये लावतात. खरी गाणी कुठायत?"

आता मात्र थाप सुचेना. "काका, खरी गाणी सगळी ताटातुटीची आहेत. आमच्यात मंगल प्रसंगी असलं लावत नाहीत. तुमचा संसार... म्हणजे काही विपरीत होऊ नये म्हणून..."

 काकांनी वळून डचमध्ये भर सभागृहात ते सांगितलं. ते ऐकून एकेक टेबल माझ्याकडे वळून बघायला लागलं. बायको टेबलावरच्या उरलेल्या कागदी फुलांमागे लपली. शेवटी काकूंचं टेबल वळलं आणि काकू अशा हसल्या की कोट खाली पडला.

"म्हणजे आमचं लग्नातलं गाणंही काढून टाकलं असणार यानं!" त्या म्हणाल्या. त्यांनी गाणं सांगितलं. माझ्या पानावरची ती सगळ्यांत गडद लाल ओळ. नवरा पहाटे बॅग उचलून घर सोडतो आणि मागं वळून बघत नाही.

"हे लग्नात?" मी म्हणालो.

"गावच्या बँडला तेवढंच चांगलं येत होतं," काका म्हणाले. "इंग्रजी आम्हा दोघांनाही येत नव्हतं. मी ट्रक घेऊन इंग्लंडला जायला लागलो तेव्हा अर्थ कळला. घरी येऊन हिला सांगितला."

"मग?"

"मग काय? दर सोमवारी पहाटे माझी बॅग भरताना ही तेच गुणगुणायची. मी गेलो की शुक्रवारी परत."

मी लॅपटॉपवर गाणं शोधलं. आधी कसल्याशा गाद्यांची जाहिरात लागली. बायको फुलांमागून कुजबुजली, "अरे, ती बंद कर आधी!" मग गिटार वाजली.

पहिलं कडवं काकू बसूनच होत्या, फक्त ओठ हलत होते. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. हातबित पुढे केला नाही. दुसऱ्या कडव्यात नायकानं बॅगेचं कुलूप लावलं आणि काकूंनी टेबलावर हात रोवला, तोंड वाकडं केलं आणि उठल्या.  नाच कसला, दोन पावलं इकडे, दोन तिकडे; वळायची वेळ आली की काकाच त्यांच्याभोवती वळत होते. गाण्यातला नवरा निघून चालला होता आणि काका इतके गंभीर होते, की पावलं चुकली तर तो खरंच जाईल असं वाटावं.

गाणं संपलं आणि माझ्या तोंडून, नाटकाच्या थिएटरात ओरडावं तसं, सवयीनं निघून गेलं : "वन्समोर!"

काकू धापा टाकत वळल्या. "वन्समोर? गुडघा तुझा आहे का?" त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, गुडघा चोळला. काका आपला कोट उचलायला वाकले होते. काकूंनी त्यांची बाही धरून त्यांना थांबवलं आणि मला म्हणाल्या, "तू बाद केलेल्यात घटस्फोटाचं एखादं असेलच की. ते लाव. पण जरा हळू चालीचं बघ."