होटगीच्या रेघा

नातीच्या नव्या आलेखवहीचा करकरीत वास आला आणि आतलं गणित पाहून माझं डोकंच फिरलं. समोरासमोरून दोन गाड्या, दोन समीकरणं, दोन रेघा, छेदबिंदू शोधा.

पंच्याहत्तर साली सोलापूरच्या शाळेत मलाही हेच गणित होतं. बाईंनी त्यात होटगी-विजापूर लाईन घातली होती. माझे वडील होटगीलाच स्टेशन मास्तर. माझ्या रेघा दोन स्टेशनांच्या मधे, रानात छेदायला लागल्या. म्हणून मी एक गाडी अलीकडच्या स्टेशनात थांबवली, तिची रेघ आडवी ओढली. दुसरीची रेघ तिला तिथे येऊन भेटली.

बाईंनी भोपळा दिला. "ही रेघ मधेच आडवी कशी झाली गं?"

"बाई, तितं रूळ एकच हाय, दुसरा निस्ता स्टेशनात. मधी भेटल्या तर धडकतील की!"

वर्ग खदाखदा हसला. मला तासभर बाकावर उभं केलं. संध्याकाळी वडिलांनी वही पाहिली आणि म्हणाले, "बरोबर हाय की. मी रोज हेच करतो."

नातीच्या पुस्तकातही रूळ किती, ते लिहिलेलं नाही. इतकी वर्षं झाली, त्या गाड्या अजून रानातच धडकतायत आणि आपण त्याला पैकीच्या पैकी मार्क देतोय!