युनियनच्या नावाचा नवस

गोजराबाई नगरकडची. नवरा पुंजाराम गवंडी; त्याच्या मागोमाग ती बोईसरला आली आणि तारापूरकडच्या बांधकामावर घमेली उचलू लागली. देवभोळी म्हणा हवं तर, पण देवाला दिलेला शब्द तिने कधी मोडला नाही.

मजुरांच्या चाळीला नळ नव्हता. बायका लांबच्या विहिरीवरून पाणी आणून थकल्या. पुंजाराम युनियनच्या शाखेचा चिटणीस. तो रोज एकच सांगे, "वरून मंजुरी यायचीय."

"वर म्हंजी कुटं? देवाकडं?"

"मुंबईला. मुख्य कचेरीत."

मुख्य कचेरीला दिल्लीच्या अधिवेशनातून सवड नव्हती. शेवटी गोजराबाई केळव्याला शितळादेवीपुढे जाऊन उभी राहिली. "आई, नळ येऊ दे. युनियन अनवाणी चालत तुझ्या पायाशी येईल."

पुंजारामने कपाळावर हात मारला. "अगं, नवस आपल्या नावानं बोलायचा असतो!"

"वर्गणी कुणाला देतो? पाणी आणायचं काम कुणाचं? मग नवस बी त्यांचाच."

दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. "नळ न्हाई तर काम न्हाई" म्हणत बायकांनी घमेली उपडी घातली आणि त्यांच्यावर बसकण मारली. कालवलेला माल वाळू लागला तसा ठेकेदार घामाने भिजला. आठवड्यात नळ आला. गोजराबाईने तोटीला हळदकुंकू लावलं, पण तिचा जीव टांगणीला लागला. नवस फिटला नाही आणि देवीने पाणी परत नेलं तर?

बातमी मुंबईला पोचली नि एकनाथभाई, युनियनचे मोठे पुढारी, मोटारीतून सत्काराला आले. गळ्यात हार पडताच त्यांचा आवाज चढला. "बंधूंनो, हा मुख्य कचेरीच्या लढ्याचा विजय आहे!"

गोजराबाई उठली. "म्हंजी नळ तुमी आणला?"

"संघटनेनं आणला, बाई. आणि संघटना म्हणजे तुमच्यापुढं उभा असलेला हा एकनाथ!"

"मग चपला काढा."

पुंजाराम टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. नवसाची हकीकत ऐकून एकनाथभाई हसले. "बाई, असल्या गोष्टींना कार्यकारिणीची मंजुरी लागते."

"देवी काय तुमच्या कार्यकारिणीत हाय व्हय? चालायचं नसंल तर सांगा सगळ्यांपुढं, नळ बायकांनी आणला. आमी जातो चालत."

बायका फिदीफिदी हसल्या. भाईंनी गळ्यातल्या हाराकडे पाहिलं, मग पायांकडे. हार काढवेना, म्हणून चपला काढायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी केळवे रोड स्टेशनला गाडीतून उतरून अनवाणी चालू लागली. खडीच्या रस्त्यावर भाई एकेक पाऊल देवाचं नाव घेत टाकत होते. एरवी ते देव मानत नसत. पुढारी मागे नि सभासद पुढे, असं युनियनमध्ये पहिल्यांदाच घडत होतं. मोटार नाही, माईक नाही, म्हणून ऐकणं आलं. चाळीतल्या सुगंधाने विटेने ठेचलेलं बोट दाखवलं. साखरबाई म्हणाली, "तापानं फणफणलं तरी डाक्तर न्हाई, दादा." भाई कण्हत "हो, हो" म्हणत राहिले.

देवळाच्या पायरीवर ते बसले तेव्हा तळपायांना फोड आले होते. गोजराबाईने नारळ वाढवला, डोळे पुसले आणि पदराने त्यांच्या पायांची माती झटकली. नळ आता राहणार होता.

"झालं ना समाधान?" भाईंनी विचारलं.

"नळाचं झालं. दवाखान्याचं ऱ्हायलंय." तिने देवीकडे वळून हात जोडले. "आई, दवाखाना येऊ दे. एकनाथभाई ठेसनापासनं लोटांगण घालत—"

"थांबा, थांबा!" भाई फोड विसरून उभे राहिले. "नवस नको! मी ठेकेदाराशी बोलतो. उद्याच."

"उद्या कशाला? मुंबईची गाडी जाऊ द्या, बोईसरची धरा."

आणि त्यांनी धरली. पावसाळ्याआधी पत्र्याच्या खोलीत डॉक्टर बसू लागला. त्यानंतर एकनाथभाई दर महिन्याला बोईसरला येत, आणि सभेआधी पुंजारामला बाजूला घेऊन हळूच विचारत, "बाई मध्ये केळव्याला गेल्या नव्हत्या ना?"